घरची गाडी

॥ मैलार मल्लण्णा प्रसन्न ॥

हळ्ळीखेड (बी)
ता. १० जानेवारी २०१०

चि. अंबिकेस गुंडाप्पाचा आशीर्वाद.

पत्ता आपल्या गल्लीतल्या महांतेशकडून घेतला. सहा वर्षांनी अप्पाचं पत्र कामून आलं, असं तुला वाटंल. कामाचं पत्र हाय, दुसरं काही मनात आणू नको.

हुमनाबादच्या एका डॉक्टरकडं बॅटरीवर चालणारी बारकी मोटार होती. तुमच्या बेंगळूरकडंच बनती ती, दोन दारांची, डब्यासारखी. दोन वर्षं चिंचेखाली उभी होती, आत कोंबड्या अंडी घालायल्या होत्या. डॉक्टरच्या शेतातल्या पाण्याच्या दोन जळक्या मोटरी मी नवी तार गुंडाळून भरून दिल्या, त्याच्या बदल्यात ही घेऊन आलो. बॅटऱ्या बदलल्या, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या, चालली! गल्लीतले लोक तिला भुताची गाडी म्हणतेत, कारण आवाजच न्हाई.

अडचण तिच्या पोटातल्या चार्जरची. मागच्या सीटखाली हाय. जुना, बारका. बॅटऱ्या भरायला नऊ तास घेतो, तेबी लाईट धड असली तर. आपल्याकडं लाईट तीन तास येती, जाती, मनात आलं तर परत येती. व्होल्टेज पडला की हा चार्जर रुसून बंद. पुरी भरली तर गाडी चाळीस किलोमीटर जाती. मला त्याच्या दुप्पट लांब जायचं हाय. वाटंत कुणाच्या दुकानात थोडा वेळ लावून भरता यावी, असा मोठा चार्जर बसवायचा हाय, कमी व्होल्टेजवर चालणारा. तू चार्जरच्याच कारखान्यात हायस म्हणून महांतेश म्हणाला. म्हणून लिहायलोय.

कुठं जायचं, तर खजुरीला. तुझ्या रेणुका आत्याला पंचमीला आणायला. दरसाल दुसऱ्याच कुणाला तरी मुराळी म्हणून धाडतो, ती रुसती. यंदा मी सोता घरची गाडी घेऊन जाणार.

फोन करू नको. कागदावर लिही.

तुझी माय म्हणायलीय, तब्येत सांभाळ म्हणून लिहा. लिहिलं.

गुंडाप्पा

पीण्या, बेंगळूर
ता. २४ जानेवारी २०१०

तीर्थरूप अप्पांना अंबिकेचा नमस्कार.

पाकिटावर तुमचं अक्षर बघून मी कारखान्याच्या दारातच बसले. लिंगराजला वाटलं, कुणीतरी गेलं. मी म्हटलं, नाही हो, अप्पांना चार्जर पाहिजे. तो हसायला लागला, मग माझे डोळे बघून पाणी घेऊन आला.

कामाच्या पत्राला आधी कामाचं उत्तर. आठ दिवस सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला व्होल्टेज मोजून लिहा. जुन्या चार्जरच्या पेटीची लांबी-रुंदी लिहा, म्हणजे त्याच जागेत बसेल असा करते. आमच्याकडं जुन्या सुट्या मालाचा ढीग आहे, मालकांना विचारलंय, ते हो म्हणाले.

आता बिनकामाचं. फोन करू नको, हे तुम्ही लिहायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी महांतेशच्या मोबाईलवर फोन केला होता. त्यानं तुमच्या हातात दिला. मी “अप्पा, अप्पा, मी अंबिका” म्हणत राहिले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, फोन त्याला परत दिलात. त्यानंतर मी केला नाही. माणसानं किती वेळा तोंडावर दार आपटून घ्यायचं?

तुमचा राग मला कळतो. कॉईलचे वेढे मोजताना बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. मी सात वर्षांची असल्यापासून तो पाळला. लिंगराजशी लग्न करणार, हे मात्र नेमकं तुम्ही वेढे मोजताना सांगितलं, कारण एरवी धीर झाला नसता. तो आपल्या जातीचा नाही, हेही सांगितलं. तुम्ही मान वर केली नाहीत. एकशेबारा, एकशेतेरा, एकशेचौदा, असं मोजत राहिलात. आणि आठ दिवसांनी मी निघाले तेव्हा बसस्टँडवर साऱ्या गावासमोर म्हणालात, “जा. पण ध्यानात ठेव, तुला आणायला ह्या घरची गाडी कधी निघायची न्हाई.”

पंचमी आली की इथल्या आपल्याकडच्या बायकांना कुणी ना कुणी न्यायला येतं. मी त्यांच्या पिशव्या उचलून स्टेशनपर्यंत जाते. गुलबर्ग्याकडची गाडी सुटली की परत येते. सहा वर्षं हेच चाललंय. आत्याला माझा नमस्कार सांगा. म्हातारपणीही तिला न्यायला घरची गाडी जाणार, नशीबवान आहे.

माझी अंजू चार वर्षांची झाली. नाक तुमचं आहे.

तुमची अंबिका

हळ्ळीखेड (बी)
ता. १२ फेब्रुवारी २०१०

चि. अंबिकेस आशीर्वाद.

पेटीचं माप मागच्या बाजूला काढलंय. व्होल्टेज असा: भल्या सकाळी १९०. नऊनंतर शेतातल्या मोटरी आणि गिरणी चालू झाली की १४०. उसाला पाणी सोडायच्या दिवशी १२५ बी बघितला. दिवेलागणीला १५०. बल्ब लावला तर बल्ब लागलाय का बघायला दुसरा दिवा घेऊन जावं लागतं.

बिनकामाचं समदं वाचलं. दोनदा वाचलं. त्याचं उत्तर आत्ता लिहीत न्हाई.

नाक माझं असंल तर पोरीला सर्दी लई व्हईल. ओवा भाजून पुरचुंडी हुंगायला देत जा.

गुंडाप्पा

पीण्या, बेंगळूर
ता. ५ एप्रिल २०१०

ती. अप्पांना नमस्कार.

ओव्याची पुरचुंडी लागू पडली. अंजू विचारते, हे औषध कुणी सांगितलं? मी सांगितलं, तुझ्या आजोबांनी. तर म्हणते, मला आजोबा आहेत?

बसच्या पार्सलनं चार्जर धाडलाय, हुमनाबादला उतरवून घ्या. महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून मी स्वतः बनवलाय, ट्रान्सफॉर्मरची कॉईलही हातानं भरली. तुमच्यासारखी मोजत, मध्ये कुणाला बोलू न देता. ११० व्होल्टपासून चालेल. नऊ तासांचं काम चांगली लाईट असेल तर चार तासांत होईल. तुमच्या १४० वर जरा जास्त वेळ घेईल, तेवढा धीर धरा.

एक गोष्ट नीट वाचा. व्होल्टेज २७० च्या वर गेला तर आतला बझर वाजेल. लहानसहान नाही, अख्खी गल्ली जागी होईल असा केकाटेल. वाजला की असाल तिथून उठून पिन काढायची. पाच-दहा मिनिटं तो तग धरतो, त्याच्यापुढं नाही. तेवढं संभाळा, मग तुम्हाला आणि आत्याला काळजी नाही.

चालू केल्यावर पत्र टाका. वाट बघते.

अंबिका

हळ्ळीखेड (बी)
ता. १६ मे २०१०

चि. अंबिका,

कसं लिहू कळंना. चार्जर जळाला.

बसवला तवा बेस चालायला होता. तीन आठवडे रोज भरली. एकदा हुमनाबादला जाऊन आलो, आनंद माझ्या छातीत मावंना. पण १४० वर लई सावकाश भरायला होता आणि लाईट तीनच तास. मला दम निघंना. दुकानात तीन फेज हायेत. मी एक फेज अन न्यूट्रल जोडायच्या ऐवजी दोन फेज जोडले. तुला ठाऊक हाय, आपल्याकडं व्होल्टेज पडला की समदेच दोन फेजवर बल्ब लावतेत. एकावर १४० तर दोघांत मिळून २४०. काटा बरोब्बर २४० वर आला. मी म्हटलं, पोरीच्या चार्जरला आता कुठं पोटभर मिळालं.

त्या दिवशी दुपारी समोरचा भीमण्णा वारला. बातमी शेतात गेली, तशी एकेकानं आपली मोटर बंद केली. गिरणी बी बंद झाली. साऱ्या गावानं पाणी थांबवलं की व्होल्टेज चढतो, हे मी चाळीस वर्षं बघायलोय. एका फेजवर २३० झाला म्हणजे दोघांत चारशे. धूर निघाला. मी मयतीत होतो. बझर वाजला असंल, मी नव्हतो तिथं.

मोटर भरणारा माणूस मी, अन शिकाऊ पोरासारखी चूक केली. तू महिनाभर बसून केलेली वस्तू. जळकी कॉईल मी सोडवून बघितली. एक वेढाबी इकडचा तिकडं न्हाई. लई सुरेख भरलीस.

आता दुसरा करू नको. आत्याला बसनं आणतो. संपलं.

गुंडाप्पा

ता. क. अंबिका अक्का, मी महांतेश. काकांनी पत्र टपालात टाकायला दिलंय, त्यांना न सांगता लिहायलोय. काका मयतीत नव्हते. गाडीला टेकून तिथंच बसले होते. समोर भीमण्णा आजोबाच्या घरात बायका रडायल्या होत्या, इकडं बझर केकाटायला होता, समदी गल्ली धावली. काका आपले बॅटरीच्या पाण्याची बाटली पुसत बसलेले. मी खांद्याला हात लावला तवा दचकले.

पीण्या, बेंगळूर
ता. २८ मे २०१०

अप्पा,

महांतेशला रागावू नका. त्यानं तुमच्या पत्राखाली चार ओळी लिहिल्या. त्या वाचून मी त्याला फोन केला आणि सगळं काढून घेतलं.

पाच वर्षं झाली म्हणे. गिरणीच्या भिंतीला लागून दुकान, चाळीस वर्षं पट्ट्याचा आवाज. आधी उजवा कान गेला, मग डावा. मायसुद्धा तुमच्याशी खुणांनी बोलते. आणि मला कुणी सांगायचं नाही, अशी तुम्ही सगळ्यांना शपथ घातली होती.

मग त्या दिवाळीला मी “अप्पा, अप्पा” करत होते तेव्हा तुम्हाला काही ऐकूच येत नव्हतं. आणि मी तीन वर्षं तुम्हाला मनातल्या मनात बोल लावले. देवापुढं बसूनसुद्धा लावले. अप्पा, मला माफ करा. पण तुम्हीही कमाल केलीत! एक कार्ड टाकलं असतं, “मला ऐकू येत नाही,” एवढ्याच चार शब्दांचं, तर मी पायी आले असते.

चार्जर जळाला तर जळू द्या. जी वस्तू घरात वापरायची ती माणसाला बघून करावी, हे तुम्हीच शिकवलंत. मी बघितलं नव्हतं. दुसरा करायला घेतलाय. ह्याच्यात बझर नाही. व्होल्टेज चढला की तो आपण होऊन दोन्ही तारा तोडतो, कुणी धावायला नको. काचेजवळ दोन मोठे दिवे लावायचे, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे भरली. तरी दोन फेज जोडायचे नाहीत. आणि चालू आहे का, हे तळहात पेटीवर ठेवून बघा. आतला पंखा फिरत असला की हाताला कळेल.

आता खरं सांगा. महांतेश म्हणाला, रेणुका आत्या दिवाळीपासून पुण्याला तिच्या लेकाकडं आहे आणि दसऱ्याशिवाय येणार नाही. खजुरीच्या घराला कुलूप आहे.

मग पंचमीला तुम्ही कुणाला आणायला निघालात, अप्पा?

अंबिका

॥ मैलार मल्लण्णा प्रसन्न ॥

हळ्ळीखेड (बी)
ता. २० जून २०१०

माझी बाई अंबिका,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसायलोय अन उठायलोय.

तुला आणायला. दुसऱ्या कुणाला? मला लेक एकच हाय.

बसस्टँडवर जे बोललो ते तोंडातून गेलं. बस वळली न्हाई तवाच कळलं, की काय बोलून बसलो. पण गाव उभं होतं. मागं घेतलं असतं तर लोक हसले असते, असं तवा वाटलं. त्याच साली बैल विकले, गाडी मोडली, कारण दारात ती बघवंना. मग तुला पत्र लिहायला कधी बसलो तर एकच विचार. मी म्हटलं होतं घरची गाडी निघायची न्हाई. घरात गाडीच न्हाई तर निघंल काय? बसनं येऊन तुला न्यावं तर त्यात मुराळ्याचा मान कसला? मला माझाच शब्द मोडायचा होता, अन घरच्याच गाडीनं मोडायचा होता. डॉक्टरच्या चिंचेखाली ती डबी दिसली, त्या दिवशी मी कोंबड्या हाकलल्या अन आत बसून रडलो.

आत्याचं खोटं बोललो. पहिल्याच पत्रात तुला आणायला येतो म्हटलं असतं, अन गाडी पोचली नसती तर? एकदा तुला तोडून बोललो. दुसऱ्यांदा तोंडघशी पाडायची हिंमत नव्हती.

कानाचं सांगितलं न्हाई, ते लाजंपायी. तुझा फोन आला तवा महांतेशनं बोटानं हवेत अं लिहिलं. मला कळलं तू हायस. मी तो फोन कानाला दाबून धरला, लई दाबला. काहीच आलं न्हाई. बोलावं म्हटलं तर तू काय बोलायलीस ते कळंना, मधीच बोललो अन चुकीचं बोललो तर, म्हणून परत दिला. तू जेवढी रडलीस तेवढाच मी बी.

अन तुझं ते एकशेचौदा. तू सांगितलंस अन मी मोजत राहिलो, हे खरं. पण मोजलं कुठं? तोंड चाललं होतं निस्तं. ती मोटर चनमल्लप्पाच्या विहिरीवरची. आठ दिवसांत जळून परत आली. सोडून बघितली तर वीस वेढे कमी. उभ्या जन्मात तेवढी एकच मोटर मी चुकीची भरली. त्याला सांगितलं, तार खराब होती. तुला खरं सांगायलोय.

आता कामाचं. तू ज्या स्टेशनवरून गेलीस त्याच स्टेशनवरून तुला आणणार. गुलबर्गा. पंच्याऐंशी किलोमीटर पडतं. हुमनाबादला लिंबाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात एकदा लावायची. मग कमलापूरला अंबाजी केळीवाल्याकडं, त्याच्याकडं तीन फेज हाय पण मी एकच घेईन, मल्लण्णाची आण. तिथं पुरी भरली की गुलबर्गा. परत येताना बी तसंच. बाकी लोक दोन तासांत जातेत, आपल्याला दिवस लागंल. लागू दे.

पंचमी १४ ऑगस्टला हाय. मी आदल्या दिवशी येऊन धर्मशाळेत थांबतो. सकाळच्या गाडीनं उतर. मागची सीट बारकी हाय, अंजू आरामात बसती. लिंगराजला सांग, पाय दुमडून बसायची तयारी ठेव. जावयाला असं बसवणं बरं न्हाई, पण पुढं माझी लेक बसणार.

तुझी माय आत्तापासनंच लाह्या करायची ज्वारी निवडायलीय. दोन महिने हायेत म्हटलं तर ऐकंना. ऐकंना ती अन बहिरा मी.

तुझा अप्पा

पीण्या, बेंगळूर
ता. २२ जुलै २०१०

अप्पा,

चार्जर धाडलाय. तिकिटं काढली. लिंगराज रोज पाय दुमडून बसायचा सराव करतोय आणि अंजू हसून लोळतेय.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलंय. जास्त लिहिता येत नाही, अक्षर पुसतंय. यंदा मी स्टेशनवर दुसऱ्या कुणाच्या पिशव्या उचलणार नाही.

अप्पा, गाडी मध्येच बंद पडली तर घाबरू नका. जिथं बंद पडेल तिथपर्यंत मी चालत येते.

अंबिका

कमलापूर, अंबाजीचं केळीचं दुकान
ता. १३ ऑगस्ट २०१०, दुपार

अंबिका,

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. उद्या स्टेशनवर तुझ्या हातात देईन. माझं बोलणं हल्ली वेडंवाकडं निघतं अन तुझं मला ऐकू यायचं न्हाई, म्हणून अंबाजीकडून कागद मागून घेतला. लई दिवसांनी भेटल्यावर माणसं जे पहिलं बोलतेत ते आपण कागदावर बोलू.

सकाळी सातला निघालो. तुझ्या मायनं गाडीला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला. ती बी येते म्हणायली होती, पण माणसं चारच मावतेत अन ती पाचवी झाली असती. मग म्हणाली, मी दारात थांबते, घरात बी कुणीतरी वाट बघणारं पायजे.

गल्लीतून थेट हुमनाबादच्या रस्त्याला लागता आलं असतं. मी न्हाई लागलो. आधी बसस्टँडवर गेलो. चनमल्लप्पा होता, रुद्रम्माची भाजीची पाटी होती, त्या दिवशी जे उभे होते त्यातले बरेच होते. मी गाडी मधोमध उभी केली, खाली उतरलो अन सांगितलं, “लेकीला आणायला जायलोय. घरची गाडी निघालीय.” महांतेशनं कागदावर लिहून दाखवलं, काका, एवढ्यानं ओरडलात की दोन बस थांबल्या अन भाजीवरची शेळी पळाली. मला काय कळतं माझा आवाज! पण साऱ्यांनी ऐकलं, एवढं मात्र चेहऱ्यांवरून कळलं. मग चनमल्लप्पाला बाजूला घेऊन मोटरीचं बी खरं सांगून टाकलं. तो हसला अन पाठीवर थाप मारली. काय बोलला ते ऐकू आलं न्हाई, पण चांगलंच बोलला असंल.

हुमनाबादला लाल दिवा एकदा लागला, चार्जरनं आपण होऊन तार तोडली, परत जोडली. मी धावलो न्हाई. इथं आल्यापासनं तीन तास झाले, पेटीवर तळहात ठेवून बसलोय. आत पंखा फिरायलाय, हाताला कळतंय. तू बेंगळूरात बसून भरलेली कॉईल, अन तिची थरथर माझ्या हातात. सहा वर्षांत तुझ्या एवढ्या जवळ मी आजच आलो.

अंबाजीनं अंजूसाठी तांबड्या केळ्यांची फणी दिलीय. मागच्या सीटवर ठेवलीय. लिंगराजचे पाय कुठं जातील ते देव जाणे.

उद्या गाडीतून उतरलीस की लगेच काही बोलू नको. आधी हे वाच. मग माझ्या हातावर बोटानं अं लिही, म्हणजे मला कळंल तू हायस.

हिरवा दिवा लागला. निघतो.

तुझा मुराळी,
अप्पा